पाव्हण्यांची खुर्ची

आदिलाबादजवळच्या इचोड्याला माझी बदली झाली तेव्हा खोली शोधत शोधत मी ज्या ओट्यावर दम खायला थांबलो, तिथं एकच खुर्ची होती. जुनी लाकडी, दोन हातांची, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी विणलेली. खुर्चीत एकदम कसं बसावं म्हणून मी पायरीवर टेकायला गेलो, तर आतून दोन टाळ्या ऐकू आल्या. बालवाडीत लेकरांना गप्प करायला वाजवतात तशा.

"पायरी माही हाय. तुमी खुर्चीत बसा," म्हणत एक उंच, लुकड्या बाई बाहेर आल्या. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि मी हात लांबवताच माझी बोटं उलटी करून नखं पाहिली. मी चाळिशीचा माणूस, दोन लेकरांचा बाप, सरकारी मराठी शाळेचा मास्तर.

"चालते," त्या म्हणाल्या. "प्या आता पाणी."

या अनुसयाबाई. एका खाजगी शाळेच्या बालवाडीत त्यांनी उभा जन्म काढला होता आणि अख्खी वस्ती त्यांच्या हाताखालून गेली होती. त्यांच्या समोरच मला खोली मिळाली, आणि पुढची काही वर्षं माझी सकाळ त्यांच्या टाळ्यांनी उजाडली. नखं पाहणं हा त्यांचा रामराम होता, जयभीम होता, सगळं होतं. लग्नाची पत्रिका द्यायला आलेला सरपंच असो की गॅसचा सिलिंडर आणणारा, आधी हात पुढं. सगळ्यात जास्त बोलणी खायचा तो लक्ष्मणदादा. हायवेवर त्याचं पंक्चरचं दुकान, त्यामुळं नखं कायमची काळी. "लक्ष्मण, तुह्या नखात एकरभर काळी जमीन हाय. कापूस काऊन नाई लावत?" असं त्याला रोज ऐकावं लागायचं. तो पन्नाशीचा बाप्या मान खाली घालून हसायचा आणि चहा घ्यायचा. त्यालाही त्यांनीच 'ग म भ न' शिकवलं होतं ना.

त्या खुर्चीत मात्र बाई कधी बसल्या नाहीत. ती पाव्हण्यांची. स्वतः पायरीवर, भिंतीला पाठ लावून. एकदा मी विचारलंच, की बाई, पाव्हणे काय रोज येतात का, बसा की जरा.

"खुर्चीत बसलं का उठावसं वाटत नाई, मास्तर. अन् मले तं उठा लागते. मी या घरची चाकर हाय."

चाकरच होत्या. नवरा ट्रकवर होता, तो लवकर गेला. पोरगा विनोद तेव्हा त्यांच्याच बालवाडीत. पगार किती असणार, तुम्हीच समजा. त्यात संध्याकाळी शिलाई करून त्यांनी आधी जागा घेतली, मग कितीतरी वर्षांनी जोतं, मग एक खोली, मग दुसरी. त्या वस्तीत एक रीत आहे. कुणाच्याही घराचं जोतं उभं राहिलं की भरणीला प्रत्येक घरातून एक टोपली मुरूम येतो. कुणी बोलावत नाही, कुणी उपकार मानत नाही. सकाळी उठून पाहावं तर बायामाणसं टोपल्या डोक्यावर घेऊन रांगेनं येताहेत. बाईंच्या घराखाली अशी सगळ्या वस्तीची माती होती, आणि हे त्या आल्यागेल्याला सांगायच्या. लक्ष्मणदादाची टोपली देवळीखाली, त्याच्या आईची चुलीखाली. कोणाची माती कुठं पडली ते त्यांना माहीत होतं की त्या ठोकून देत होत्या, देव जाणे. पण ज्याला सांगत तो माणूस त्या फरशीकडं जरा वेगळ्या नजरेनं बघायचा.

दरवर्षी जयंतीच्या आधी घराला चुना. चुन्यात थोडी नीळ. तोही स्वतःच्या हातानं, शिडीवर चढून. जाता-येता भिंतीवर हात थोपटायची त्यांना सवय होती, आपण गाईच्या पाठीवर थोपटतो तशी. मला आधी गंमत वाटायची. मग एक दिवस मीच माझ्या भाड्याच्या भिंतीवर हात थोपटताना सापडलो आणि घरचीनं माझी यथेच्छ टर उडवली.

शाळेनं निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. पेन्शन नव्हती. खाजगी बालवाडीच्या बाईला कोण पेन्शन देतं? मग शिलाई वाढवली. झबली, टोपडी, ब्लाऊज. पुढं डोळ्यांत मोतीबिंदू आले आणि सुईत दोरा जाईना. समोरून मला हाक मारायच्या, "मास्तर, दोरा ओवून द्या." मी पाच-सहा सुया ओवून ठेवायचो. मग तेही बंद झालं, कारण टीप वाकडी जायला लागली आणि वाकडी टीप त्यांना चालायची नाही.

आता विनोदबद्दल. पोरगा वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण असल्या गोष्टीत मुलाला ताबडतोब खलनायक करून टाकायची आपल्याला खोड असते. हैदराबादला कंपनीत नोकरी, भाड्याचं घर, दोन लेकरं, बायको सालस. महिन्याला न चुकता आईला पैसे पाठवायचा. पण पाठवले की फोन करायचा आणि विचारायचा, "मागचे संपले का?" त्याच्या मनात काही नसायचं. बाईंना मात्र ते लागायचं.

"पोरगं देते, नाई देत असं नाई म्हणत," त्या मला एकदा म्हणाल्या. "पण इचारते तवा असं वाटते का तो बाई झाला अन् मी बालवाडीतलं पोरगं. मी नखं दाखवून राह्यली त्याले."

शेवटी विनोदनं त्यांना हैदराबादला नेलं. किल्ली लक्ष्मणदादाकडं. मला वाटलं, गेल्या आता बाई. पण उन्हाळा लागायच्या आत पिशवी घेऊन परत. ओट्यावर येऊन आधी भिंतीला हात लावला, मग पायरीवर बसल्या आणि हैदराबादची गोष्ट सांगायला लागल्या. चौथ्या मजल्यावर घर, दारापुढं पायरीच नाही. पायरीशिवाय बाईंना बसणं सुचेना. म्हणून त्या बिल्डिंगच्या जिन्यात जाऊन बसायच्या.

"एक बाई आली. मले म्हणते, काम करती क्या? बर्तन का कितना लेती? म्या म्हटलं, पहिले नखं दाखव."

आम्ही पोट धरून हसलो. पण त्या हसण्यातून त्यांनी डोळे पुसलेले मी पाहिले, आणि ते हसण्याचं पाणी नव्हतं. सून-मुलानं काही कमी केलं नव्हतं हो. पण जिची स्वतःची पायरी आहे तिला परक्या जिन्यात बसवलं की असं होतं.

त्याच जिन्यात त्यांना तिसऱ्या मजल्यावरची एक तेलुगू म्हातारी भेटली. एकटी, पण ऐटीत राहायची. बाईंनी विचारलं, मुलगा पाठवतो का? तर म्हातारी म्हणाली, "ना इल्लु नाकु जीतं इस्तुंदि." माझं घर मला पगार देतं.

हे वाक्य बाईंच्या डोक्यात बसलं. बँक घर तारण घेते. पण कर्ज एकदम हातात न देता महिन्याच्या महिन्याला देते. आपण हयात आहोत आणि घरात राहतो आहोत तोवर फेडायचं काही नाही. आपल्या माघारी पोरानं कर्ज फेडलं तर घर त्याचं, नाही तर बँक विकणार, आपलं वसूल करणार आणि उरलेलं पोराला देणार. म्हातारीनं सगळं समजावून दिलं होतं.

मी ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बाई, आयुष्य घातलं या घरात आणि आता बँकेच्या घशात घालता? लोक म्हातारपणी घर पोराच्या नावानं करतात.

"मास्तर, माह्या अंगणात सीताफळ हाय. जलमभर त्याले पाणी घातलं. अन् फळ तोडलं नाई, का लाकूड पोराले कामी येईन. आता या घराची बी जरा फळं खाईन म्हणते. लाकडाचं मागून पायतील."

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर बँकेत गेलो. तिथला साहेब तरुण होता, भला होता. म्हणाला, अम्मा, इथं हे कुणी मागायलाच येत नाही, मलाच वाचावं लागेल. त्यानं खरंच वाचलं, आदिलाबादला फोन लावला आणि आठवड्यानं बाईंना बोलावून अटी सांगितल्या. घर तुमच्या नावावर पाहिजे, ते होतंच. घराची डागडुजी करायची. टॅक्स भरायचा. आणि राहायचं याच घरात, बंद करून दुसरीकडं जाऊन राहायचं नाही.

बाई बाहेर आल्या त्या हरखूनच. "ऐकलं का, मास्तर? राहाचं इथंच, अशी अट हाय. सारे मले घर सोड म्हणतात. ही पयली अट पाह्यली जे म्हणते, सोडू नको."

पण विनोदला कळलं आणि भडका उडाला. बाईंना फोनची बटणं धड दिसायची नाहीत म्हणून तो नेहमी स्पीकरवर, त्यामुळं अर्धी गल्ली ऐकत होती. "आई, लोक माह्या तोंडात शेण घालतील. म्हणतील, पोरगं माईले पोसत नाई म्हणून तिनं घर गहाण टाकलं." बराच वेळ झाली बोलाचाली. शेवटी मायलेकांत ठरलं ते असं. बँक हो म्हणाली तर बाई इथं राहणार. बँक नाही म्हणाली तर जूनमध्ये घर विकून कायमचं हैदराबादला. बाईंनी शब्द दिला. आणि अनुसयाबाईंचा शब्द म्हणजे त्यांच्या शिलाईसारखा, एकदा घातला की उसवायचा नाही. मला पहिल्यांदा भीती वाटली.

घराची किंमत ठरवायला बँकेचा इंजिनियर येणार होता. नेमका तो सांगितलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशी आला. बाई गुडीहत्नूरला भाचीच्या लेकराच्या नामकरणाला गेलेल्या. उन्हाळ्याची एकवेळची शाळा, मी दुपारी घरात आडवा झालेलो.

आता आमच्याकडं टेप घेऊन घर मोजणारा माणूस आला की लोकांना एकच शब्द आठवतो. कुर्की. म्हणजे जप्ती. निजामाच्या काळापासून हा शब्द हाडात बसलाय. आणि वस्तीनं फोनवरचं अर्धंच ऐकलं होतं, 'घर' आणि 'बँक'. बाईंनी, काम झाल्यावर सांगू, म्हणून कुणाला नीट सांगितलं नव्हतं. झालं. बाईंचं घर जप्त व्हायला आलं अशी आवई उठली आणि ज्यांच्या ज्यांच्या टोपल्या त्या जोत्यात होत्या ते सगळे धावले.

भांडण केलं असतं तर परवडलं असतं. त्यांनी डोकं चालवलं. घर वाईट आहे असं पटलं तर बँक कशाला नेईल? म्हणून एकीनं मागच्या भिंतीवर दोन बादल्या पाणी मारलं आणि ओल दाखवली. एका म्हाताऱ्यानं कोपऱ्यातली केसाएवढी चीर बोटानं उकरून रुंद केली. आणि आमचा लक्ष्मणदादा, सगळ्यांत हुशार, हात जोडून इंजिनियरला म्हणाला, "पामु उंदि सार. पेद्द पामु." साप आहे, साहेब. मोठा साप. देवळीखाली, म्हणजे नेमका त्याची टोपली पडली होती तिथं. गलका ऐकून मी डोळे चोळत बाहेर आलो तोवर इंजिनियरची मोटारसायकल हायवेला लागली होती. आणि वस्ती ओट्यावर उभी राहून एकमेकांची पाठ थोपटत होती. काय झालं ते मला कुणी सांगेना; मला वाटलं, मोजणी नीट पार पडली.

पुढच्या आठवड्यात बँकेच्या साहेबानं बाईंना सांगितलं की या घरावर देता येत नाही, घर चांगल्या स्थितीत नाही, भिंतीला ओल, कोपऱ्यात चीर, वर साप.

त्या दिवशीच्या बाई मी कधी विसरणार नाही. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. पायरीवर उभं राहून त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या. संध्याकाळची वेळ, लोक घरी होते. एकेक करत सगळी वस्ती येऊन अंगणात बसली, मांडी घालून, कुणी न सांगता. बालवाडीच ती.

"माह्या घरात साप हाय म्हणून कोणी सांगतलं?"

लक्ष्मणदादानं हात वर केला. पन्नाशीच्या माणसानं हात वर केलेला मी पाहिला.

"काऊन?"

"बाई, ते घर घेऊन राह्यले होते ना तुमचं. माही बी टोपली हाय त्यात." त्याचा आवाज फाटला. "तुमी नाई राह्यल्या तं मले नखं कापा कोण म्हणन?"

बाई पायरीवर टेकल्या. मग त्यांनी सगळ्यांना सीताफळाची गोष्ट सांगितली, लेकरांना सांगतात तशी, फळ कोणतं आणि लाकूड कोणतं. घर कुणी नेत नाही. उलट बँक नाही म्हणाली म्हणून आता जावं लागणार. जूनमध्ये. भिंतीवर पाणी मारणारी बाई पदरात तोंड घालून रडायला लागली. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

"रडून काई होत नाई," बाई म्हणाल्या. "ज्यानं साप सोडला त्यानं पकडा लागते."

दुसऱ्या दिवशी लक्ष्मणदादा दुकान बंद करून आदिलाबादला गेला. इंजिनियरच्या ऑफिसबाहेर दिवसभर बसला आणि त्याला गाठून सांगितलं की साप मी सोडला होता, साहेब, तोंडानं. इंजिनियर आधी तापला, मग म्हणे त्याला हसूच आवरेना. बँकेच्या साहेबानंही शब्द टाकला आणि दुसऱ्यांदा यायचं ठरलं. मधल्या दिवसांत वस्तीनं जे केलं ते पाहण्यासारखं होतं. चीर सिमेंटनं भरली. कौलं सारखी केली. चुना ढवळला, नीळ घातली, आणि त्या वर्षी पहिल्यांदा बाईंना शिडीवर कुणी चढू दिलं नाही. त्या खाली उभ्या राहून "तिकडं राह्यलं, तिकडं," करत होत्या, आणि दिसत तर त्यांना धड नव्हतं.

इंजिनियर आला. भिंती ठोकून पाहिल्या, मागची भिंत हातानं चाचपली, कोरडी ठणठणीत. मग देवळीपाशी थांबून त्यानं लक्ष्मणदादाकडं पाहिलं. "पामु?"

"वेल्लिपोयिंदि सार," लक्ष्मणदादा म्हणाला. निघून गेला, साहेब.

"एक्कडिकि?" कुठं?

"हैदराबादकु सार. कोडुकु दग्गरकु." हैदराबादला. आपल्या पोराकडं.

अनुसयाबाई इतक्या हसल्या की त्यांना खांब धरावा लागला. इंजिनियरला खुर्चीत बसवलं, चहा दिला. देण्याआधी काय पाहिलं ते सांगायला नको.

बँकेनं हो म्हटलं. विनोद आला, सही-बिही करण्याआधी घरभर फिरला. तोंड पाडूनच होता. मी उठून जायला लागलो तर बाईंनी मला बसवून ठेवलं.

"आई, मी काई कमी केलं का?"

"नाई रे बाबू. तू दिलं, जास्तच दिलं. पण मांगून खाल्लेलं अन् आपलं खाल्लेलं, फरक रायते."

"मी सोडवून घेईन हे घर. तुह्या मागं."

"सोडव, नाईतर नको सोडवू. ते तुह्यं तू पाय. मले एकच कर. फोन केला का हिशेब नको इचारू. जेवली का, इचार."

विनोद उठला, आणि त्यानं भिंतीवर हात थोपटला. अगदी आईसारखा. त्याच्या लक्षातही आलं नसावं. बाईंना तेव्हा नीट दिसत नव्हतं, पण तो आवाज त्यांनी ओळखला असणार, कारण त्या लगेच आत गेल्या आणि भाकरी थापायला बसल्या.

त्यानंतर फोन यायचा तो स्पीकरवरच. "जेवली का?" मग बाई काय जेवल्या ते सविस्तर सांगायच्या, नातवांची नखं विचारायच्या. मायलेकांच्या मधून पैसा उठून गेला आणि दोघं मोकळे बोलायला लागले. बाईंनी आधी एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, मग दुसऱ्या डोळ्याचं. पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "मास्तर, तुमी तं म्हातारे दिसता."

पुढं माझी बदली बेज्जूरकडं झाली. निघायच्या सकाळी टेम्पोत सामान भरलं, घरची पुढं बसली. मी बाईंना नमस्कार करायला वळलो आणि तिथंच थांबलो. पायरीवर लक्ष्मणदादा बसला होता, खाली मान घालून नखं कापत. आणि अनुसयाबाई खुर्चीत होत्या. पाव्हण्यांच्या खुर्चीत, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, पाय लांब सोडून, चष्म्याशिवाय हायवेवरचे ट्रक बघत.

मी पाया पडलो. त्यांनी सवयीनं माझे हात उलटे करून पाहिले.

"चालते," म्हणाल्या. "जाऊन या."

टेम्पो सुरू झाला. कुणीही निघालं की बाई फाटकापर्यंत पोचवायला येत, पाव्हणा कितीही साधा असला तरी. मी मागं वळून वाट पाहिली. त्या उठल्या नाहीत. खुर्चीत बसूनच त्यांनी हात केला, घरच्या मालकिणीनं करावा तसा.